उलट्या वाटेने गेलेला सोडियम

(स्मृती व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा मजकूर)



ही व्याख्यानमाला रसायनशास्त्राच्या एका शिक्षकाच्या स्मरणार्थ चालते. तेव्हा नमनाला घडाभर तेल न घालता एका प्रयोगापासूनच सुरुवात करतो.

साल १९५०, अमेरिकेतलं इलिनॉय विद्यापीठ. ह्युझेन्गा, ग्रीगर आणि वॉल या तिघांनी पॉलिअ‍ॅक्रिलिक आम्ल पाण्यात विरघळवलं, त्यात सोडियम हायड्रॉक्साइड घातलं आणि द्रावणातून वीज सोडली. सोडियम कुठे जातो ते कळावं म्हणून थोडा किरणोत्सारी सोडियम वापरला होता. सोडियमचा आयन धनभारित, म्हणून तो ऋणाग्राकडे जाणार, हे दहावीचा विद्यार्थीही सांगेल. पण आम्लाचं पुरेसं उदासिनीकरण झालेलं असेल, तर सोडियमचा मोठा हिस्सा धनाग्राकडे निघालेला दिसला. धनभारित कण धनाग्राकडे! उपकरण बिघडलं नव्हतं. पॉलिअ‍ॅक्रिलिक आम्लाचा रेणू म्हणजे एक लांबलचक साखळी. अल्कलीत तिच्या कडेने ओळीने ऋणभार तयार होतात आणि ती धनाग्राकडे ओढली जाते. जाताना ती आपल्या भोवतालचे सोडियम सोबत घेऊन जाते.

हीच साखळी जागोजागी आडवी जोडून घेतली की लहान मुलांच्या डायपरमधली पांढरी भुकटी होते. ती शुद्ध पाणी आपल्या वजनाच्या कित्येक पट शोषते, पण खारं पाणी त्यामानाने फारच कमी. त्यामागेही आजचाच विषय आहे, पण तिकडे वळलो तर वेळ पुरणार नाही.

प्रश्न असा, की सोडियम साखळीला चिकटून बसतो का? रासायनिक बंध तयार होतो का? तर नाही. मग तो सुटून का जात नाही, आणि किती सोडियम अडकणार हे कोण ठरवतं? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मला भौतिक रसायनशास्त्रातल्या सर्वांत सुंदर उत्तरांपैकी एक वाटतं, म्हणून आज त्याच्यावरच जास्त रेंगाळणार आहे.

त्याआधी थोडं मागे जाऊ. मीठ पाण्यात विरघळलं की त्याचे सुटे आयन होतात, हे अर्‍हेनियसने १८८० च्या दशकात मांडलं. पण सुटे म्हणजे किती सुटे? तीव्र क्षारांचं वागणं त्याच्या गणितात बसेना. या कोड्यावर १९१८ साली कोलकात्याच्या ज्ञानचंद्र घोष यांनी उत्तर सुचवलं. त्यांचं वय तेव्हा पंचविशीच्या आत होतं. त्यांचं म्हणणं असं, की स्फटिकात आयन जसे ठरावीक जागी मांडलेले असतात तशीच काहीशी मांडणी द्रावणातही टिकते, फक्त अंतरं वाढतात. युरोपातल्या मोठमोठ्या लोकांनी या कामाची दखल घेतली. पुढे १९२३ मध्ये डिबाय आणि ह्युकेल यांनी वेगळं चित्र मांडलं आणि घोषांचं चित्र मागे पडलं. डिबाय म्हणाले, द्रावणात ठरलेल्या जागा नसतात. प्रत्येक आयनाभोवती सरासरीने विरुद्ध भाराचं दाट वलय असतं आणि त्या वलयातले कण सतत बदलत असतात. घोषांचं उत्तर टिकलं नाही, पण विद्युत आकर्षणाकडे दुर्लक्ष करून चालणार नाही हा त्यांचा आग्रह बरोबर होता. पुढे ते बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेचे संचालक झाले, खरगपूरच्या आयआयटीचे पहिले संचालकही झाले. आपल्या पाठ्यपुस्तकांत त्यांचं नाव क्वचितच भेटतं. निदान आज इथे ते घेतलं जावं असं मला वाटलं.

आता पाण्याकडे येऊ. दोन भारित कणांमधली ओढ पाण्यात सुमारे अठ्ठ्याहत्तर पटींनी मंदावते. तरी ती शून्य होत नाही. दुसरीकडे उष्णता आहे. प्रत्येक कणाला ती सतत ढकलत, हिंदकळवत असते. दोन एकेरी भारांमधली विद्युत ऊर्जा आणि उष्णतेचा हा धक्का ज्या अंतरावर अगदी तुल्यबळ होतात, त्याला डॅनिश रसायनशास्त्रज्ञ नील्स ब्येरुम यांचं नाव दिलेलं आहे. साध्या तापमानाच्या पाण्यात हे ब्येरुम अंतर ०.७१ नॅनोमीटर भरतं. निर्वातात तेच छप्पन्न नॅनोमीटर असतं. यापेक्षा जवळ आलात तर ओढ जिंकते, लांब असाल तर उष्णता.

इथे एक गंमत सांगतो. पाणी तापवलं तर उष्णतेचा जोर वाढेल आणि आयन जास्त मोकळे होतील, असं कुणालाही वाटेल. होतं उलटं. तापल्यावर पाण्याची भार झाकण्याची ताकद त्याहून वेगाने घसरते. शून्य अंशाला ती अठ्ठ्याऐंशीच्या घरात असते, उकळत्या पाण्यात छप्पन्नच्या. त्यामुळे ब्येरुम अंतर थोडं वाढतंच, म्हणजे गरम पाण्यात आयन किंचित जास्त अडकतात.

आता मूळ प्रश्न घेऊ. एखाद्या भारित वस्तूजवळ एक धन आयन आहे. त्याला हळूहळू लांब नेऊ आणि दोन गोष्टींचा हिशेब ठेवू. ओढीविरुद्ध जाताना ऊर्जा खर्च होते. त्या बदल्यात त्याला हिंडायला जास्त जागा मिळते. जागा वाढली की एन्ट्रॉपी वाढते, आणि निसर्गाच्या वहीत ती जमेच्या बाजूला लागते. खर्च मोठा की जमा मोठी, यावर आयन राहणार की जाणार हे ठरतं.

वस्तू गोळ्यासारखी असेल तर? लांब जाल तशी ओढ झपाट्याने कमी होते. कितीही दूर गेलात तरी एकूण खर्च एका मर्यादेपुढे जात नाही. जागा मात्र अमर्याद वाढत राहते. म्हणून द्रावण पुरेसं पातळ असेल तर गोळ्याजवळचे आयन शेवटी सुटतात.

वस्तू मोठ्या सपाट पत्र्यासारखी असेल तर चित्र पालटतं. पत्र्याची ओढ अंतराबरोबर कमी होत नाही, त्यामुळे प्रत्येक पावलाला तेवढाच खर्च येतो. जागेपासून मिळणारी एन्ट्रॉपी मात्र अंतराच्या लॉगॅरिदमच्या चालीने, म्हणजे फार सावकाश वाढते. खर्च कायम पुढे राहतो. पत्रा आपले आयन सोडत नाही, पाणी कितीही वाढवा.

उरली रेषा, म्हणजे आपली साखळी. ती या दोन्हींच्या बरोबर मधे पडते. रेषेपासून दूर जाताना ऊर्जेचा खर्च लॉगॅरिदमच्या चालीने वाढतो, आणि जागेची जमाही त्याच चालीने. अंतर दहापट केलंत की खर्चात एक ठरावीक भर पडते, जमेतही एक ठरावीक भर पडते. पुन्हा दहापट केलंत, तर पुन्हा तेवढीच भर. म्हणजे ही शर्यत साखळीजवळ जो जिंकेल तोच मैलभर लांबही जिंकणार. निकाल अंतरावर अवलंबून नाही, द्रावण किती पातळ आहे यावरही नाही. तो अवलंबून आहे एकाच गोष्टीवर: साखळीवर भार किती दाट बसले आहेत. दोन शेजारच्या भारांमधलं अंतर ब्येरुम अंतरापेक्षा जास्त असेल, तर एकेरी भाराचे आयन सुटतात. कमी असेल तर सगळे सुटू शकत नाहीत. मग आयन साखळीजवळ जमत राहतात, आणि साखळीचा उरलेला उघडा भार असा होतो की जणू ब्येरुम अंतरागणिक एकच भार शिल्लक आहे. तिथे जमणं थांबतं. कारण आता शर्यत बरोबरीत सुटली.

आपण कितीही भार साखळीवर लादा, पाणी ठरावीक भारापेक्षा जास्त उघडा राहू देत नाही. सोडियम असो, पोटॅशियम असो, पहिल्या हिशेबात काही फरक पडत नाही. आयनाचं नाव विचारलं जात नाही, फक्त त्याचा भार विचारला जातो. दुहेरी भाराचा आयन असेल तर उंबरठा निम्म्यावर येतो, तिहेरीला तृतीयांशावर.

रेषेचा हा चमत्कार लार्स ऑन्सागर यांच्या लक्षात आला होता. जेराल्ड मॅनिंग यांनी १९६९ मध्ये त्यावर संपूर्ण सिद्धान्त उभारला, म्हणून त्याला मॅनिंग कंडेन्सेशन म्हणतात. मला मात्र वाटतं, जपानच्या नागोया विद्यापीठातल्या फुमिओ ओसावा यांचं नाव बरोबरीने घ्यायला हवं. त्यांनी १९५७ मध्येच हा विचार मांडला होता आणि काही ठिकाणी ‘ओसावा-मॅनिंग’ असं म्हणतातही. त्याच्याही आधी, १९५१ मध्ये, फुओस, कात्चाल्स्की आणि लिफसन यांनी भारित सळईभोवतालच्या आयनांचं गणित सोडवलं होतं. उंबरठा त्या समीकरणांत दडलेला होता. यातले आहारोन कात्चाल्स्की इस्रायलचे. भारित तंतू मिठाच्या पाण्यात आखडतात, यावर चालणारं यंत्र त्यांनी करून दाखवलं होतं. १९७२ मध्ये लोद विमानतळावरच्या हल्ल्यात ते मारले गेले.

आता निसर्गातली सर्वांत प्रसिद्ध भारित साखळी पाहू, म्हणजे डीएनए. त्याच्या दुहेरी गोफात दर ०.३४ नॅनोमीटरला फॉस्फेटचे दोन ऋणभार येतात. म्हणजे सरासरी दर ०.१७ नॅनोमीटरला एक. ब्येरुम अंतराच्या चौथ्या हिश्शापेक्षाही कमी. उंबरठा चौपटीहून जास्त ओलांडलेला. हिशेब सांगतो की सोडियमच्या द्रावणात डीएनएचा शहात्तर टक्के भार जवळ जमलेल्या आयनांनी झाकलेला असतो. उघडा राहतो फक्त चोवीस टक्के. द्रावण कितीही पातळ असलं तरी डीएनएच्या लगतच्या पट्ट्यात सोडियमची तीव्रता एक मोलरच्या आसपास राहते, म्हणजे समुद्राच्या पाण्याच्या जवळजवळ दुप्पट.

हे आयन मात्र एका जागी खिळलेले नसतात. बाजाराच्या दिवशी पेठेत माणसं फिरतात, तसं समजा. कुणी एका दुकानाला बांधलेलं नसतं, पण पेठ सोडूनही जात नाही. त्यांच्याभोवतीचा पाण्याचा वेढाही बहुतेक शाबूत असतो.

हे चित्र आता थेट मोजलंही गेलं आहे. लोइस पोलॅक आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये डीएनएच्या द्रावणातून क्ष-किरण पाठवले आणि सोडियमऐवजी रुबिडियम आणि स्ट्रॉन्शियम वापरले, कारण क्ष-किरणांना ते जास्त ठळक दिसतात. दुहेरी भाराच्या स्ट्रॉन्शियमचं वलय डीएनएच्या अंगालगत आवळलेलं दिसलं, रुबिडियमचं जास्त पसरलेलं. २००७ मध्ये स्टॅनफर्डच्या गटाने तर आयनांची शिरगणतीच केली. डीएनएभोवती धन आयन किती जास्त आहेत, आणि ऋण आयन किती कमी आहेत. ही दुसरी गोष्ट आपल्या नजरेतून सुटते. भार झाकायचे दोन मार्ग आहेत, विरुद्ध भार जवळ ओढणं आणि सारखे भार दूर लोटणं. दोन्हींची बेरीज डीएनएच्या भाराइतकी भरली.

इथवर आपण अडकण्याबद्दल बोललो. पण जीवशास्त्रात खरं नाट्य सुटण्यात आहे. पेशीत प्रथिनं डीएनएवर येऊन बसतात आणि जनुकं चालू-बंद करतात. प्रथिनावर धनभार, डीएनएवर ऋणभार, म्हणून ती एकमेकांना ओढतात, असं सहज म्हटलं जातं. विस्कॉन्सिन विद्यापीठात थॉमस रेकॉर्ड आणि सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात लॅक रिप्रेसर नावाच्या प्रथिनावर बारकाईने काम केलं. हे प्रथिन डीएनएवर कुठेही सैलसं बसतं तेव्हा फारशी उष्णता बाहेर पडत नाही. मग बसतं कशाच्या जोरावर? प्रथिनाचे धनभार डीएनएलगत येऊन बसले की तिथे आधी जमलेले सोडियम मोकळे होतात. एक प्रथिन अडकतं आणि दहाच्या आसपास आयन सुटतात. त्या सुटक्या आयनांची एन्ट्रॉपी हा सारा व्यवहार ढकलते. आकर्षणाचं श्रेय ज्याला आपण देतो, तिथे काम केलेलं असतं सुटकेने.

याचा पुरावा अगदी साधा आहे. द्रावणात आधीच मीठ भरपूर असेल तर सुटलेल्या आयनाला फारसा फायदा नाही, कारण बाहेरही गर्दीच. म्हणून मीठ वाढवलं की प्रथिनाची पकड ढिली पडायला हवी. पडतेही, आणि किती! मीठ दुप्पट केलं तर पकड शेकडो पटींनी कमी होते. प्रयोगशाळेत प्रथिनं शुद्ध करणारी मंडळी रोज हेच करतात. भारित कण भरलेल्या स्तंभावर अडकवलेलं प्रथिन सोडवायचं तर खारट द्रावण ओततात.

आता सिद्धान्ताची हद्द कुठे संपते ते बघू. एकेरी भाराच्या आयनांनी शहात्तर टक्के भार झाकला जातो. दुहेरी मॅग्नेशियमने अठ्ठ्याऐंशी. तिहेरीने ब्याण्णव. माणसाच्या बहुतेक प्रत्येक पेशीत दोन मीटर डीएनए काही मायक्रोमीटरच्या केंद्रकात कोंबलेला असतो, आणि त्यावर बाराशे कोटींहून जास्त ऋणभार असतात. तो घडी कसा पडतो? १९७६ मध्ये गोस्युल आणि शेलमन यांनी दाखवलं, की स्पर्मिडिन नावाचा तिहेरी भाराचा रेणू थोडासा घातला तरी पसरलेला डीएनए आपोआप गुंडाळला जातो आणि त्याची वेटोळी होतात. मेदूवड्याच्या आकाराची म्हणता येतील, फक्त व्यास सुमारे शंभर नॅनोमीटरचा. तीन वर्षांनी विल्सन आणि ब्लूमफिल्ड यांनी नियम काढला: भार नव्वद टक्क्यांच्या आसपास झाकला गेला की डीएनए कोसळतो. पाण्यात मॅग्नेशियम त्या रेषेच्या जरा अलीकडे अडखळतो, स्पर्मिडिन ती पार करतो.

पण नव्वद टक्के झाकला म्हणजे दहा टक्के उघडा राहिला ना? दोन ऋणभारित धागे एकमेकांना ढकलणंच अपेक्षित आहे, मग ढकलणं कितीही कमी का असेना. इथे ते एकमेकांना ओढतात. आणि स्पर्श होत नाही. वेटोळ्यात शेजारच्या गोफांच्या मध्यरेषांमध्ये २.८ नॅनोमीटर अंतर असतं, गोफ स्वतः दोन नॅनोमीटर जाडीचा. मधे पाणी आहेच. मॅनिंग यांचा साधा हिशेब याचं उत्तर देऊ शकत नाही, आणि आयनांच्या वलयाचं सरासरी चित्र धरणारं कुठलंच समीकरण देऊ शकत नाही. सरासरीत सगळे आयन एकमेकांपासून अनभिज्ञ असतात. प्रत्यक्षात तिहेरी भाराचे आयन एकमेकांना जोराने दूर ठेवतात, त्यामुळे त्यांची आपसूक एक मांडणी होते. एका धाग्यावरचा आयन शेजारच्या धाग्यावरच्या मोकळ्या जागेसमोर येतो. म्हणजे १९१८ मध्ये घोषांनी ज्या मांडणीचा आग्रह धरला तिची पुसटशी छाया इथे पुन्हा भेटते. ही तुलना फार ताणू नये. त्यांनी सांगितली होती ती मांडणी ही नव्हे.

आयनांच्या अशा परस्परसंबंधातून येणारं हे आकर्षण स्वीडनच्या लुंड विद्यापीठात १९८४ मध्ये संगणकावर सापडलं, आणि तेही डीएनएवर नाही, तर समोरासमोरच्या दोन सपाट भारित भिंतींमध्ये. दुहेरी भाराचे आयन मधे असतील तर सारख्या भाराच्या भिंती एकमेकींकडे ओढल्या जातात, हे संगणकाने दाखवलं. सपाट भिंत म्हटलं की कुणाला वाटेल ती कागदावरची गोष्ट. तशी नाही. ती आपल्या पायाखाली आहे.

आपली काळी जमीन घ्या. बेसॉल्ट झिजून तयार झालेल्या या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाची चिकणमाती भरपूर असते. तिचे पापुद्रे एक नॅनोमीटर जाडीचे आणि ऋणभारित. म्हणजे मघाचा पत्रा, जो आपले आयन कधी सोडत नाही. पापुद्र्यांमध्ये कॅल्शियम असेल तर जमीन पाणी पिऊन फुगते, पण पापुद्र्यांची पुनरावृत्ती १.९ नॅनोमीटरच्या आसपास पोहोचली की फुगणं थांबतं. दुहेरी भाराचे आयन पापुद्र्यांना बांधून ठेवतात, अगदी स्पर्मिडिन डीएनएला बांधतो तसे. मातीचे कण एकत्र राहतात, मधे पोकळ्या राहतात, पाणी झिरपतं. कॅल्शियमच्या जागी सोडियम आला की ही पकड सुटते. पापुद्रे विलग होऊन पाण्यात पसरतात, पोकळ्या बुजतात, वाळल्यावर जमिनीचा पत्रा होतो. शेतकरी तिला चोपण म्हणतात. सांगली-कोल्हापूरच्या नदीकाठी उसाला वर्षानुवर्षं पाटाचं पाणी दिलेल्या जमिनींची ही अवस्था इथल्या बहुतेकांनी पाहिली आहे.

यातली एक गोष्ट पहिल्यांदा ऐकली की पटत नाही. खारवट जमीन पाऊस पडून धुतली गेली तर सुधारेल असं वाटतं. पण सोडियम भरलेली चोपण जमीन पावसाच्या निव्वळ गोड्या पाण्याने आणखी घट्ट होते. कारण मातीच्या पाण्यात मीठ होतं तोवर ते पापुद्र्यांमधलं ढकलणं झाकत होतं. ते वाहून गेल्यावर ढकलणं लांबवर पोहोचतं आणि माती आणखी विस्कटते. पापुद्र्यांवरचा सोडियम मात्र जिथल्या तिथे, कारण पत्रा आपले आयन गोड्या पाण्याने सोडत नाही. त्याला बदली आयन द्यावा लागतो.

म्हणून जिप्सम. कॅल्शियमचा एक आयन पापुद्र्यावर येऊन बसतो आणि सोडियमचे दोन सुटतात. एकाच्या बदल्यात दोन मोकळे, म्हणजे इथेही सुटकेची बाजू जड. पण मघाशी प्रथिनाच्या बाबतीत पाहिलं ते इथेही लागू पडतं. सुटलेल्या आयनांची बाहेर गर्दी असेल तर सुटण्याचा फायदा उरत नाही. जिप्सम टाकलं, पाणी दिलं, आणि सुटलेला सोडियम मातीच्या पाण्यातच साचून राहिला, तर कॅल्शियमला जागा मिळवणं अवघड जातं आणि सोडियम परत पापुद्र्यांवर येतो. म्हणून जिप्समबरोबर निचऱ्याचे चर हवेत, चांगल्या पाण्याचा भरपूर ओलावा हवा, आणि चरांतून वाहून जाणारं खारट पाणी शेजारच्याच्या शेतात न जाता ओढ्यापर्यंत पोहोचायला हवं. ही शेवटची अडचण रसायनशास्त्राच्या हाताबाहेरची आहे. बांधाच्या दोन्ही बाजूंची माणसं मिळून चर काढायला तयार असतील तरच ती सुटते, आणि त्याबद्दल माझ्यापेक्षा तुमच्यातले पुष्कळ जण जास्त अनुभवाने बोलतील. आता प्रश्न विचारावेत.